नाव लागले का?

यंदा आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न विचारला जातो, ‘यादी लागली का?’ माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने बी.एस्सी. नर्सिंगसाठी अर्ज केला आहे. उन्हाळ्यात तिने राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा दिली. गुण आले, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरून झाला, पहिली फेरी गेली, दुसरीही गेली. तिचे नाव अद्याप कोठे लागलेले नाही. सरकारी जागा मोजक्या आणि खासगीची फी ऐकली की आमच्यासारख्यांच्या छातीत धस्स होते. पोर जेवताना मध्येच थांबते आणि भिंतीकडे पाहत राहते.

भावाची कुरकुर वेगळीच. “आक्का, रातपाळी करायची पोरीनं? आणि लोक काय म्हणत्याल?” हे वाक्य मी पूर्वीही ऐकले होते, याच घरात, याच माजघरात, पण ते पुढे सांगेन. आधी थोडा इतिहास सांगते. मी बालवाडीची शिक्षिका. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या लोकांनी गोड मानून घेतल्या. इतिहास मी शिकले तो ग्रंथालयात बसून, तेव्हा पंडितांनी माझ्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

आपल्या कोल्हापुरात टाऊन हॉलसमोर सी.पी.आर. दवाखाना आहे. छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव त्याला पुढे मिळाले. त्याचे जुने नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. केसपेपरच्या रांगेत उभे असलेल्या कितीजणांना ठाऊक असेल, की या दवाखान्याने एकदा एका मुलीची वाट पाहिली होती आणि ती मुलगी आली नाही?

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. आपण त्यांना पहिली डॉक्टरीण म्हणून ओळखतो. पण त्यांच्या गोष्टीतला अर्जाचा आणि वाट पाहण्याचा भाग आपण भरभर वाचून पुढे जातो, आणि तो भाग तर कोल्हापुरातच सुरू झाला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. १८७८ साली ते येथे नोकरीला असताना त्यांनी अमेरिकेत रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. हे वाइल्डर कोल्हापूरच्या मिशनचे संस्थापक. १८५२ पासून त्यांनी येथे काम केले होते, आणि आता मायदेशी परतून एक मिशनरी मासिक चालवीत होते. पत्नीला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, मदत व्हावी, एवढीच गोपाळरावांची विनंती. त्या वेळी आनंदीबाई तेरा वर्षांच्या होत्या.

मदत मिळाली नाही. धर्म बदलण्याची तयारी नसलेल्या माणसाला मिशनने मदत कशी करावी, असा तो सूर होता. मात्र वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि येथे दैवाने गंमत केली. १८८० साली न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी समोरचे जुने मासिक उचलले आणि ते पत्र वाचले. अनोळखी मुलीसाठी त्यांचे मन कळवळले आणि त्यांनी पत्र लिहिले. पुढे त्या आनंदीबाईंच्या ‘मावशी’ झाल्या. एकीने दात दुखतो म्हणून वाट पाहिली आणि दुसरीच्या दाराची कडी निघाली!

तरीही जायला १८८३ साल उजाडले. मधल्या काळात गोपाळरावांची बदली मुंबई, भूज, कलकत्ता अशी होत राहिली. दहा दिवसांचे मूल हातचे गेल्याचे दुःख आनंदीबाईंच्या पदरी होते. लोकांचे टोमणे तर पाचवीला पुजलेले. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून पतीविना बोटीत चढल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशाचा अर्ज लिहिला. वय अठरा. शाळेचे दाखले दाखवण्यासारखे फारसे नव्हते. म्हणून त्यांनी आपले गणित, आपल्या भाषा आणि आपला हेतू सरळ लिहून दिला. आमच्या देशातल्या बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरचा हात लावून घेणार नाहीत, त्यांच्यासाठी मला शिकावयाचे आहे, असा त्याचा आशय होता. डीन रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना घेतले. कोल्हापूरच्या पहिल्या पत्रापासून या प्रवेशापर्यंत पाच वर्षे लोटली होती.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यानंतर कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून बोलावणे पाठवले. ज्या गावातून पहिले पत्र सुटले त्याच गावाने उत्तर दिले! पण शरीर क्षयाने पोखरले होते. मायदेशी परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला; बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांचे पाऊल पडलेच नाही.

डॉक्टरिणीच्या वाट्याला निदान कौतुक तरी आले. परिचारिकेच्या वाट्याला तेही उशिरा आले. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय काढले. पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. पांढरपेशा घरांतून मुली येत नसत. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे! १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले, आणि विधवा व निराधार मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवण्याचे धाडस केले. त्या मुलींनी किती टोमणे गिळले असतील, याचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार?

१९४६ साली भोर समितीने आरोग्याचा अहवाल दिला. त्यात त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण निघाले. म्हणजे एका मध्यम शहराला एक बाई! त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. मुंबईत महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ साली निघाले. तेव्हा कुठे ‘नर्स’ या शब्दामागे पदवी लागली. जिथे मुली मिळत नव्हत्या, तिथे आज मुलींना जागा मिळत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांतला हा बदल पाहिला, की भाचीचे नाव यादीत नसल्याचे दुःख होते आणि यादी एवढी लांब असल्याचा आनंदही होतो.

आता माझी गोष्ट सांगते. मी दहावी झाले तेव्हा ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दहावीवर मिळत असे. मी अर्ज भरला, फोटो चिकटवला, पाकीट बंद केले आणि वडिलांच्या हाती दिले. मग दोन महिने रोज दुपारी पोस्टमनच्या सायकलच्या घंटेकडे कान लावून बसले. पत्र आले नाही. मला घेतले नाही असे मी धरून चालले आणि बालवाडीत लागले. वडील गेल्यावर त्यांची ट्रंक आवरताना ज्ञानेश्वरीच्या खाली ते पाकीट सापडले. तिकीट लावलेले, पण टपालात न पडलेले. वडील वाईट नव्हते. लोक काय म्हणतील, या एका वाक्याला ते भ्याले. मला राग आला तो एवढाच, की मी इतकी वर्षे स्वतःला नापास समजत होते.

ही गोष्ट मी भावाला परवा प्रथमच सांगितली. त्यावर तो काही बोलला नाही. मग मी म्हटले, “आई दवाखान्यात होती त्या नऊ रात्री आठवतात का? तू कट्ट्यावर झोपला होतास, मी खुर्चीत पेंगत होते. तिचा श्वास अडकला हे कुणाच्या ध्यानात आलं?”

“सिस्टरच्या,” तो म्हणाला.

“तिचीही रातपाळीच होती.”

भाऊ उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणताना भाचीच्या उशाशी जाऊन त्याने हळूच विचारले, “उठलीस व्हय? यादी लागली का बघ की.” तेव्हापासून तो प्रश्न रोज तोच विचारतो.

तिसरी फेरी अजून व्हायची आहे. हा लेख संपादकांकडे पाठवीत आहे तेव्हा तिचे नाव लागेल की नाही, हे मला माहीत नाही. काल ती म्हणाली, “आत्ती, नाव नाही लागलं तर गं?” मी म्हटले, “तर पुढल्या वर्षी परत परीक्षा दे. कोल्हापुरातनं गेलेल्या एका पत्राला पाच वर्षं लागली होती.” ती हसली आणि चकल्यांच्या सोऱ्याला हात लावायला बसली. माझ्या मनात मात्र एकच समाधान आहे, वाचकहो. हिचा अर्ज पोहोचला आहे.