दोन चाकांचा समझोता

गेल्या आषाढातली गोष्ट. आबांना डायलिसिससाठी पुण्याला न्यायचा दिवस होता. आठवड्यातून तीनदा आम्ही पहाटे निघतो. भाटघर धरणाच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीडेक किलोमीटरची कच्ची वाट आणि मध्ये एक ओढा. त्या दिवशी ओढ्याच्या चढावर माझ्या जुन्या जीपचं मागचं उजवं चाक चिखलात गेलं. डावं चाक कोरड्या मुरमावर होतं. मी पाय दाबला तसं उजवं चाक गरागरा फिरू लागलं आणि डावं जागच्या जागी निपचित. फोर-व्हीलचा गिअर टाकला, तर पुढेही तोच प्रकार झाला. तिथं डावं फिरे आणि उजवं थांबे. चार चाकांपैकी दोन चाकं घट्ट जमिनीवर होती, इंजिनात ताकद होती आणि गाडी तसूभर हलत नव्हती.

ट्रॅक्टर येऊन आम्हांला ओढून काढीपर्यंत अडीच तास गेले. आबांची मशीनची वेळ टळली. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली, पण मधली रात्र त्यांनी उशाला तीन उशा घेऊन, बसूनच काढली. त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत मी बाहेर ओसरीवर होतो.

“सर, मागच्या हौसिंगमध्ये लॉकर बसवून टाका,” मिस्त्री म्हणाले. “पण कुठला, ते तुम्ही ठरवा. गाडी रोजची आहे.” तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला काही ठरवायचं असलं की तो आधी मागे वळून पाहतो. मीही तेच केलं.

*

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची आस स्थिर असते आणि तिच्यावर दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. कोणी कोणाला बांधलेलं नसतं, कारण ओढतात ते बैल. चाकांनी फक्त गडगडायचं. रेल्वेनं नेमकं उलट केलं. तिथं आस आणि दोन्ही चाकं एकजीव असतात, ती कायमचीच बांधलेली. चाकाच्या कडेला दिलेल्या किंचित उतारामुळे रेल्वे वळणं निभावून नेते, पण तिची वळणंही तशीच लांबलचक असतात.

अडचण सुरू झाली ती इंजिनानं रस्त्यावरच्या गाडीची चाकं फिरवायला घेतली तेव्हा. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण वर्तुळात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ८.८ मीटर जास्त चालतं. वर्तुळ लहान असो वा मोठं, हा फरक तेवढाच राहतो. घाटातल्या एका पूर्ण यू-वळणात तो ४.४ मीटर होतो. दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली असतील, तर एवढं अंतर कुणाला तरी घासत काढावं लागेल.

यावरचा तोडगा काढला तो ओनेसिफोर पेकर या घड्याळकामात तयार झालेल्या फ्रेंच कारागिरानं. पॅरिसच्या ‘कॉन्झर्व्हातुआर दे झार्ट ए मेतिए’ या संस्थेशी तो संबंधित होता. १८२७-२८च्या सुमारास त्यानं वाफेच्या गाडीसाठी डिफरेन्शियलचं पेटंट घेतलं. ताकद आधी एका पिंजऱ्याला द्यायची आणि पिंजऱ्यातल्या छोट्या दातेरी चाकांनी ती दोन्ही बाजूंना वाटायची, अशी ही रचना. त्या छोट्या चाकांना आपल्याकडचे मिस्त्री ‘स्पायडर गिअर’ म्हणतात. एक चाक मंदावलं की दुसरं तेवढंच वेग घेतं आणि दोघांची सरासरी कायम राहते.

पुढे १८७७मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीनं हेच तत्त्व पायडलच्या गाड्यांत आणलं. त्याची एक कथा सांगतात. शेजारी-शेजारी बसून चालवायच्या गाडीवर तो आणि त्याचा मुलगा निघाले. प्रत्येकाच्या पायडलला एकेक चाक जोडलेलं होतं. मुलाच्या पायात जोर जास्त, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढली जाऊन बाप-लेक रस्त्याकडेच्या झुडपात गेले. दोघांचा जोर एकत्र करून दोन्ही चाकांना सारखा वाटायला हवा, हे स्टार्लीला तिथं सुचलं म्हणे. कथा खरी की रचलेली, हे बाजूला ठेवू. पण त्या रात्रीनंतर मला ती वारंवार आठवली. १८८६च्या जानेवारीत कार्ल बेंझनं आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं, तेव्हा तिच्यातही डिफरेन्शियल होतं.

*

मात्र या समान वाटपातच दोष दडलेला आहे. डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला विरोधच होत नाही, म्हणून त्याला लागतो तो जोर नाममात्र. मग मुरमावरच्या भक्कम चाकाच्या वाट्यालाही तेवढाच नाममात्र जोर येतो. एक चाक थांबलेलं आणि दुसरं पिंजऱ्याच्या दुप्पट वेगानं फिरणारं, तरीही सरासरी बिनचूक. ओढ्यापाशी माझ्या जीपमध्ये काही बिघडलं नव्हतं. पेकरनं सांगितलं होतं तेच ती इमानानं करत होती.

त्यामुळे विसाव्या शतकात उलटा प्रवास सुरू झाला. मोठ्या कष्टानं सुटी केलेली चाकं गरजेपुरती पुन्हा बांधायची. त्याची उत्तरं अनेक निघाली. ती लावून पाहिली, तेव्हा ध्यानात आलं की फरक दातेरी चाकांच्या रचनेपुरता नाही. ‘बांधायची वेळ कोणी ठरवायची?’ या प्रश्नाला प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं आहे.

पहिलं उत्तर घर्षणाचं. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांत ताकद इतकी होती की आतलं चाक नुसतंच घसरायचं. फर्डिनांड पोर्शे यांच्या त्या गाड्यांसाठी झेडएफ या जर्मन कंपनीनं मर्यादित घसरणीचं डिफरेन्शियल तयार केलं. ते चाकांना पूर्ण बांधत नाही, थोडं धरून ठेवतं. १९५८मध्ये व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकी संशोधकानं वर्म-गिअर वापरून याच दिशेचं पेटंट घेतलं. पुढे ते ‘टॉर्सन’ म्हणून नावारूपाला आलं. रस्त्यावर दोन्ही उत्तम. पण एक चाक हवेत लोंबकळलं की टॉर्सनजवळ वाढवायला जोरच उरत नाही.

दुसरं उत्तर ‘डिट्रॉइट लॉकर’चं. इथं नियमच फिरवला आहे. चाकं एरवी बांधलेलीच असतात आणि वळणावर बाहेरचं चाक पुढे धावू लागलं की त्याचे दाते तेवढ्यापुरते सुटतात. साधं, दणकट आणि विसरभोळ्या माणसाला सोयीचं. पण वळणावर ते टकटक वाजतं, मध्येच धाडकन पकडतं आणि ओल्या डांबरावर गाडीच्या शेपटीला झटका देतं. मागच्या सीटवर आबा असताना घाटात असा झटका मला नको होता.

तिसरं उत्तर ईटन कंपनीच्या यांत्रिक लॉकचं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकमध्ये ते १९७०च्या दशकात आलं आणि आपल्याकडे महिंद्राच्या ‘थार’मुळे ओळखीचं झालं. एरवी ते साध्या डिफरेन्शियलसारखं वागतं. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला शंभरेक फेऱ्यांच्या वर गेला की आतली छोटी वजनं फाकतात आणि लॉक लागतं. ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे ते लागतच नाही. रोजच्या गाडीसाठी हा शहाणा पर्याय आहे आणि मी जवळजवळ तोच घेणार होतो. अडलं ते एवढ्यावर की चाक आधी घसरल्याशिवाय ते जागं होत नाही. आमच्या ओढ्याच्या चिकणमातीत घसरलेलं चाक बघता बघता खड्डा करून बसतं.

चौथं उत्तर चालकाच्या हाती दिलेलं. ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट्स यांचं हवेच्या दाबावर चालणारं लॉक १९८७मध्ये एआरबी या मेलबर्नच्या कंपनीनं घेतलं आणि ते जगभर गेलं. बटण दाबलं की कॉम्प्रेसरची हवा पिंजऱ्यातलं एक कडं सरकवते आणि दोन्ही चाकं एक होतात. बटण बंद केलं की पुन्हा मोकळी. आपल्या आकुर्डीच्या फोर्स कंपनीच्या ‘गुरखा’त पुढे-मागे दोन्हीकडे असं चालकानं लावायचं लॉक कारखान्यातूनच येतं. यात खर्च जास्त, हवेची नळी सांभाळावी लागते आणि मोठा धोका विसरण्याचा. लॉक लागलेलं राहिलं आणि गाडी डांबरी वळणावर आली, तर ती वळायला नकार देते.

मी महिनाभर घोळत होतो. मी विसरतो, हे मला माहीत आहे.

*

एका संध्याकाळी आबांना हे सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, “अरे, ट्रॅक्टरला हाय की ते. टाचंखाली पेडल. चाक फिराय लागलं की अंमळ थांबायचं, मग पाय ठिवायचा. निघालं की काढायचा. पाय काढला की सुटतंय. इसरायचा प्रश्न येतोच कुठं?”

तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाचं हे उत्तर मी वाचलेल्या इतिहासात होतंच, मी ते पाहिलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिख यांनी ‘युनिमोग’ ही गाडी काढली, ती मुळात शेतासाठी. तिच्या चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर ठेवलं, कारण बटाट्याच्या दोन सऱ्या तेवढ्यात बसतात. तिच्या दोन्ही आसांना लॉक होतं. डोंगरदऱ्यांत हौसेनं गाड्या घालणाऱ्यांच्या कितीतरी आधी नांगरटीतल्या माणसाला या लॉकची गरज पडली होती. एक चाक तासात आणि दुसरं वर, हे त्याचं रोजचंच. त्यानं लॉक यंत्रावर सोपवलं नाही, तसंच हातानं लावून विसरण्याजोगंही ठेवलं नाही. पायाखाली धरलं.

मी हवेचं लॉक घेतलं. मिस्त्रींना सांगितलं, डॅशबोर्डवरचं बटण नको. क्लचच्या डावीकडे पायानं दाबायचा स्विच बसवा, पाय काढला की सुटणारा. मिस्त्री हसले. “असं कोणी मागत नाही, सर.” पण त्यांनी बसवला.

डिफरेन्शियल शोधलं गेलं ते दोन चाकांना वेगळं चालता यावं म्हणून. मोकळीक हाच त्यांचा नेम आणि बांधणं हा अपवाद. अपवाद जितका वेळ पायाखाली जाणवत राहील तितकाच वेळ टिकावा, एवढंच मला या दोनशे वर्षांतून घेता आलं.

श्रावणात ओढ्याला पाणी होतं. चढाला लागताच गाडी थांबवली, चाकं स्थिर असतानाच लॉकच्या स्विचवर पाय ठेवायला गेलो आणि क्लच सोडताना तोच पाय अडला. मग हँडब्रेक धरून, क्लच हळू सोडून, पाय सरकवून स्विच दाबला. दोन्ही चाकं सावकाश, बरोबरीनं फिरली. डांबर आलं तसा पाय काढला. मागून आबा म्हणाले, “काढला का पाय?”

“काढला, आबा.”

आठ वाजता आम्ही मशीनपाशी होतो.