वखारीतले भाडेकरू : सुरतेच्या इंग्रज कोठीत नोकरांनी काढलेले दिवस

१/१६
आज एखाद्या कंपनीने आपल्या माणसाला परदेशी पाठवले की पहिले काही महिने राहण्याची सोय तीच करते. ही प्रथा आजची नव्हे. सतराव्या शतकात लंडनहून सुरतेस आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण कारकून थेट कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरात उतरत असे. त्या घराची आणि त्यात राहणाऱ्यांची ही हकिगत.

२/१६
प्रथम शब्द समजून घेऊ. 'फॅक्टरी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे आणि धुराडी उभी राहतात. त्या काळी 'फॅक्टर' म्हणजे मालकाच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा अडत्या आणि तो राहतो ती 'फॅक्टरी'. आपल्या कागदपत्रांत तिला 'वखार' म्हणतात. तळाला माल, मधे कचेरी, वर निजण्याच्या खोल्या, असा हा एकत्र संसार असे.

३/१६
कल्पना इंग्रजांची नव्हती. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांना एका ठरावीक वाड्यातच उतरावे लागे. नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर १६४१ पासून डच कंपनीची माणसे तिथल्या नगरवासीयांना वार्षिक भाडे देऊन राहत. परक्यांना एका छपराखाली ठेवले की यजमान राज्याला नजर ठेवणे सोपे जाई आणि मालकालाही.

४/१६
इंग्रजांचे पहिले जहाज 'हेक्टर' १६०८ साली सुरतेस आले. वखारीची परवानगी मिळायला १६१३ उजाडले. पुढे इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो मोगल दरबारी आला. १६१८ साली शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्याकडून जो करार मिळाला त्यात एक अट होती : इंग्रजांनी घर भाड्याने घ्यावे, विकत घेऊ नये आणि बांधूही नये.

५/१६
या अटीमागचा हिशेब उघड आहे. परक्याने दगडी घर बांधले की त्याचा किल्ला व्हायला वेळ लागत नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी काय केले, हे मोगलांनी पाहिले होते. भाडेकरूला मात्र केव्हाही उठवता येते. म्हणून सुरतेतला इंग्रज कितीही श्रीमंत झाला तरी कायद्याने भाडेकरूच राहिला.

६/१६
घर मात्र भक्कम होते. १६७० च्या दशकात इथे आलेला कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर त्याचे वर्णन करतो : दगड आणि उत्तम लाकूड, कोरीव काम, अर्धा यार्ड जाडीच्या गच्च्या, वर-खाली सज्जे, प्रार्थनेची खोली, जेवणाची मोकळी जागा, पाण्याचे हौद आणि स्नानासाठी हमाम. घराचा काही भाग बादशहाची देणगी होता, काही भाड्याचा.

७/१६
१६८९ साली आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन आणखी तपशील देतो. चाळीस माणसांची सोय, शिवाय विवाहितांसाठी पाच-सहा प्रशस्त दालने. वार्षिक भाडे ६० पौंड. त्यातला बराचसा पैसा घराच्या डागडुजीवर आणि वाढीव बांधकामावरच खर्च होई आणि मालक असलेला बादशहा तसे होऊ देई. प्रार्थनागृहात कोणत्याही सजीवाचे चित्र नव्हते. मुसलमान यजमानांचे मन दुखावू नये, हा त्यामागचा हेतू.

८/१६
इथे येणारा कारकून, म्हणजे 'रायटर', बहुधा कोवळ्या वयाचा. फ्रायरच्या नोंदीनुसार त्याने पाच वर्षे नोकरीची हमी द्यायची, पगार वर्षाला १० पौंड आणि सद्वर्तनासाठी जामीन ५०० पौंडांचा! पगाराच्या पन्नास पट रक्कम पणाला लावून तो सहा-सहा महिने समुद्र तुडवून येई. राहणे आणि जेवणे कंपनीचे, म्हणूनच हा पगार पुरे. बाकीची कसर तो खासगी व्यापारातून भरून काढी.

९/१६
जेवण पंक्तीचे. पंगतीत जागा हुद्द्याप्रमाणे. स्वयंपाकघरात तीन आचारी : एक इंग्रज, एक पोर्तुगीज, एक हिंदुस्थानी. प्रत्येकाच्या जिभेला काहीतरी रुचावे म्हणून. पुलाव, कबाब, दमपुख्त कोंबडी, सोबत आंब्याचे आणि बांबूचे लोणचे, चांदीची ताटे, शिराझचे मद्य. दहा पौंडांच्या कारकुनाला लंडनमध्ये असे ताट स्वप्नातही मिळाले नसते.

१०/१६
या ताटाची किंमत स्वातंत्र्याने मोजावी लागे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला हजेरी सक्तीची. वखारीच्या नियमावलीत रात्री नऊनंतर दरवाजा बंद. विनापरवाना बाहेर राहणाऱ्याला ४० शिलिंग दंड, तो गरिबांसाठी जमा व्हायचा. दंड भरायचा नसेल तर दिवसभर सर्वांसमक्ष खोड्यात बसायचे. मालकच घरमालक झाला की कामाचे तास संपले तरी नोकरी संपत नाही.

११/१६
आणि एकाकीपण? १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी या वखारीत पाहुणा होता. तो सांगतो की शुक्रवारी प्रार्थनेनंतर अध्यक्ष आणि त्याचे तीन नातलग व्यापारी एकत्र जमत. या साऱ्यांच्या बायका इंग्लंडात होत्या. इंग्लंडचा किनारा सुटला तो वार शुक्रवार, म्हणून त्याच दिवशी ते आपल्या बायकांच्या नावाने प्याला उचलत. व्यापाराच्या रोजनाम्यात ही बाब कुठेही जमा-खर्चाला पडलेली नाही.

१२/१६
आता महाराष्ट्राकडे वळू. राजापूरलाही इंग्रजांची वखार होती. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा तिथला मुख्य हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजी निशाण लावून आदिलशाही फौजेच्या मदतीला तोफगोळे घेऊन गेला. शिवाजी महाराज ते विसरले नाहीत. १६६१ मध्ये राजापूरची वखार मराठ्यांच्या हाती आली आणि तिथले इंग्रज कैद झाले. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर त्यांनी सुमारे दोन वर्षे काढली. कंपनीने मात्र त्यांच्या सुटकेसाठी ठोस काही करण्याऐवजी, ही आगळीक तुमची तुम्ही केलीत, असा पवित्रा घेतला.

१३/१६
जानेवारी १६६४. महाराज सुरतेवर चालून आले. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडला. इंग्रजांचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन याने मात्र जहाजांवरून खलाशी आणवले, ढोल-कर्णे वाजवीत शहरातून फेरी काढली आणि भाड्याच्या त्या घराची मोर्चेबंदी केली. शेजारीच हाजी सैद बेग या धनाढ्य सौदागराचा वाडा होता, तो लुटला गेला. वखार वाचली. औरंगजेबाने खूश होऊन जकातीत सूट दिली. १६७० च्या दुसऱ्या स्वारीतही वखार अशीच तगली.

१४/१६
पण ज्या भिंतींनी वाचवले त्याच भिंतींनी कोंडलेही. १६८८ मध्ये कंपनीचा मुंबईतला मुख्य सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी भांडण उकरून काढले. मोगल जहाजे पकडली त्याने आणि बेड्या पडल्या सुरतेतल्या हॅरिस आणि अ‍ॅन्स्ली यांना. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशहाचे 'गंज-ए-सवाई' जहाज लुटले. जहाजावर मक्केहून परतणारे यात्रेकरू होते. शहर खवळले. सुभेदाराने वखारीतल्या इंग्रजांना त्यांच्याच घरात साखळदंड घालून बसवले. यात शिक्षा होती, तसेच संतप्त जमावापासून रक्षणही होते. एव्हरी कंपनीचा नोकर नव्हता, पण तो कधीच हाती लागला नाही आणि हे एका जागी, मोजून मिळाले.

१५/१६
या अनुभवांतून कंपनी एक धडा शिकली : परक्याच्या घरात राहणारा नोकर हा नेहमीच ओलीस असतो. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने कंपनीला मुंबई बेट दिले, वर्षाला १० पौंड खंडणीवर. सुरतेतल्या एका घराचे भाडे ६० आणि अख्ख्या मुंबईचे १०! इथे भिंत बांधायला कुणाची मनाई नव्हती. १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्याचा मुख्य कारभार मुंबईस हलला. घरभाड्याच्या अटीतून सुटण्याची ही धडपड पुढे राज्याकडे घेऊन गेली, हे लक्षात घेतले पाहिजे. राज्यविस्ताराची कारणे अनेक, पण हे त्यातले एक, आणि ते सहज नजरेआड होते.

१६/१६
वखारीची ती इमारत आज नाही. सुरतेत इंग्रजांचे जुने कब्रस्तान मात्र उभे आहे. जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला. तिथे तो आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर एकाच भव्य घुमटाखाली विसावले आहेत. मुंबईचा पाया घालणारा जेराल्ड ऑंजिअरही १६७७ मध्ये सुरतेतच गेला. जिवंतपणी ज्यांना इथे घर बांधायची मुभा नव्हती, त्यांनी मेल्यावर मोगली धाटणीचे घुमट उभारून घेतले. त्या जागेचे भाडे कुणी मागितले नाही.