कासवाला वेष कधी मिळाला?

मुलांच्या संगणकभाषांचा इतिहास सांगणारे बहुतेक जण कासवापाशी रेंगाळतात. १९६७ साली सिमोर पेपर्ट, सिंथिया सोलोमन प्रभृतींनी अमेरिकेत ‘लोगो’ ही भाषा घडवली. तिच्यात पुढे आलेले कासव मुलाच्या आज्ञेने रेघ ओढी; पण त्याचे रूप मुलाचे नव्हते.

मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे पाऊल. १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘टीआय लोगो’त १६ गुणिले १६ घरांची जाळी आली. घरे भरली, की आपले पात्र पडद्यावर हजर! (ठिपक्यांच्या रांगोळीत वाढलेल्यांना यात परके काही वाटू नये.)

२००७ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमधील मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ खुले केले. त्याची परिभाषाच नाटकाची: रंगमंच, संहिता, वेशभूषा. मांजर चालते ते दोन वेशभूषांच्या बळावर. ‘पुढची वेशभूषा’ हा ठोकळा ‘सतत’च्या पोटात ठेवला, की पाय आळीपाळीने पडतात, मध्ये ‘थांबा’ नसेल तर नुसती फडफड. मुलाने स्वतः काढलेल्या राक्षसालाही हाच नियम. चित्राची प्रत काढायची, तीत हात जरासा वर न्यायचा. किती वर, हे ठरवताना मूल हालचालीचे तुकडे पाडू लागते. तयार मांजरावरच भागवणारे शिक्षक नेमके हेच हिरावून घेतात, असे माझे मत आहे.

२०१४ साली ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनिअर’ आले. त्यात पात्राच्या चेहऱ्याजागी स्वतःचा फोटो बसवता येतो. वेशभूषा मात्र गाळल्या आहेत.