‘दि ॲव्हेंजर्स’ : डिस्कवरचे पहिले पर्व आणि हरवलेले भाग

‘दि ॲव्हेंजर्स’ म्हटले की आजच्या तरुण प्रेक्षकाला मार्व्हलचे अतिमानव आठवतात. ब्रिटनमध्ये मात्र हे नाव आधीच घरोघरी रुळलेले होते. गोंधळ नको म्हणून मार्व्हलचा २०१२ चा चित्रपट तेथे ‘मार्व्हल ॲव्हेंजर्स असेम्बल’ या नावाने प्रदर्शित करावा लागला. ज्या मालिकेमुळे हे घडले ती एबीसी टेलिव्हिजन या कंपनीची गुप्तहेर मालिका ७ जानेवारी १९६१ रोजी आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाली. १९६९ पर्यंत सहा पर्वांत तिचे १६१ भाग प्रसारित झाले. होम व्हिडिओवर ती अनेकदा आली. आधी कॅसेट, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे. पण डीव्हीडीच्या सर्वांत भरगच्च संचातही ती पूर्ण नाही.

उणीव आहे ती पहिल्याच पर्वात. त्यात २६ भाग होते. त्यांपैकी आज तीनच पूर्ण उपलब्ध आहेत. ‘हॉट स्नो’ या आरंभीच्या भागाचा केवळ पहिला अंक उरला आहे. या भागात डॉ. डेव्हिड कील यांच्या वाग्दत्त वधूची हत्या होते आणि ते तिचा सूड घ्यायला निघतात. मालिकेच्या नावातला ‘सूड’ तो हा. कील यांची भूमिका इयन हेंड्री यांची होती. त्यांच्या साहाय्याला येणारा गूढ गृहस्थ जॉन स्टीड, म्हणजे पॅट्रिक मॅक्नी, तेव्हा दुय्यम पात्र होता. पुढे गोल टोपी, छत्री आणि बेतीव सूट अशा थाटात हाच स्टीड मालिकेचा चेहरा झाला. मात्र उरलेल्या त्या एका अंकात स्टीड नाही. तो नंतरच्या अंकांत अवतरतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील इतक्या गाजलेल्या गुप्तहेराचा प्रथम प्रवेश आज कोणत्याही संचात पाहता येत नाही.

याचे कारण तांत्रिक होते, तसेच हिशेबीही. त्या काळी स्टुडिओतले नाटक एक तर थेट प्रसारित होई किंवा दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होई. फीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. प्रसारणानंतर त्या कार्यक्रमाला पुढे मोल येईल असे कुणाला वाटत नव्हते. पाहणाऱ्याने पाहिले, विषय संपला. जे टिकले ते बहुतांशी वेगळ्या वाटेने टिकले : पडद्यासमोर १६ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा लावून चित्र उतरवून घेण्याची एक पद्धत होती, आणि अशा प्रती कुठे कुठे कपाटात राहून गेल्या. ‘हॉट स्नो’चा तुकडा आणि ‘गर्ल ऑन द ट्रॅपीझ’ हा संपूर्ण भाग २००१ मध्ये सापडला तो लंडनमध्ये नव्हे, तर अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संग्रहात. तोही स्टीडविना. ‘द फ्रायटनर्स’ हा भाग आधीपासून हाती होता. म्हणजे २०१६ पर्यंत पहिल्या पर्वातला स्टीड पाहायचा तर हा एकच भाग उपलब्ध होता. त्या वर्षी ‘टनेल ऑफ फिअर’ मिळाला. मॅक्नी यांचे निधन जून २०१५ मध्ये झाले होते. हा शोध त्यांच्या हयातीत लागला नाही.

दुसऱ्या पर्वापासून चित्र पालटते. हेंड्री बाहेर पडले, स्टीड पुढे आला आणि ऑनर ब्लॅकमन यांची कॅथी गेल त्याची सहकारी झाली. दुसरे आणि तिसरे पर्व फितीवरून उतरवलेल्या फिल्म प्रतींच्या रूपाने संपूर्ण टिकले. डिस्कवर ते काहीसे धूसर दिसते, आवाज दबका लागतो. १९६५ चे चौथे पर्व मात्र थेट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले. तेव्हा अमेरिकी बाजारपेठ डोळ्यांसमोर होती, आणि तिथे स्टुडिओतली फीत चालणार नव्हती. डायना रिग यांची एमा पील याच पर्वातली. (रिग यांचे बालपण बिकानेरात गेले, पुढच्या ‘द न्यू ॲव्हेंजर्स’मधल्या जोआना लम्ली जन्मल्या श्रीनगरात.) ब्लू-रेवर डोळे दिपवणारी स्पष्टता आहे ती या फिल्मवरील पर्वांची. विक्रीच्या लोभाने का होईना, जतन घडले.

हरवलेल्या भागांसाठी संचात दुसरा मार्ग काढला आहे. जॉन क्यूरा नावाचे छायाचित्रकार प्रसारण चालू असताना पडद्याचीच छायाचित्रे टिपून ती कलावंतांना विकत. त्या चित्रांना निवेदनाची जोड देऊन काही भागांची कथा संचात उभी केली आहे. बिग फिनिश या कंपनीने पुढे पहिल्या पर्वाच्या सर्व २६ कथा नव्या कलावंतांकडून श्राव्य रूपात सादर करून घेतल्या. हा उपक्रम चांगला आहे, पण मूळ अभिनय त्यात नाही, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावे.

गोमंतकीय प्रेक्षकाला मॅक्नी ओळखीचे वाटतील ते ‘द सी वुल्व्ह्ज’ या १९८० च्या चित्रपटातून. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरातील ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर ‘कलकत्ता लाइट हॉर्स’च्या वयस्क स्वयंसेवकांनी टाकलेल्या छाप्याची ही कथा गोव्यातच चित्रित झाली. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि रॉजर मूर यांच्यासह मॅक्नी त्यात होते. हेरगिरीच्या खऱ्या घटनेत पडद्यावरचे दोन हेर, स्टीड आणि बॉण्ड, असे एकत्र आले.

मूळ मालिका मात्र तिच्या काळात इकडे पोहोचू शकत नव्हती. १९६१ मध्ये भारतातील दूरचित्रवाणी दिल्लीपुरती होती. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. हुबळी-धारवाडच्या प्रेक्षकाला गुप्तहेर भेटला तो चित्रपटगृहात. हुबळी हे उत्तर कर्नाटकातील चित्रपट वितरणाचे जुने केंद्र. स्टीड ऐन बहरात असताना, १९६८ मध्ये, डॉ. राजकुमार यांनी ‘जेडर बले’त सीआयडी ९९९ साकारला, आणि त्याच वर्षी दोरै-भगवान या दिग्दर्शकद्वयाने त्याला ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’मधून थेट गोव्यात आणले. गिरीश कार्नाड यांचीही एक गंमत आहे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून निघालेले कार्नाड १९६० ते १९६३ या काळात ऑक्सफर्डमध्ये होते, म्हणजे पहिले पर्व प्रसारित झाले तेव्हा ते त्याच देशात होते. अर्धशतकानंतर ‘एक था टायगर’मध्ये ‘रॉ’च्या प्रमुखाची भूमिका त्यांच्याकडे आली.

फीत पुसणाऱ्या ब्रिटिशांना हसण्यासारखी मात्र आपली स्थिती नाही. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ चा. त्याचे चित्रीकरण कोल्हापुरात झाले. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

राहिला प्रश्न संच मिळवण्याचा. लंडनमधल्या नातेवाइकाने धाडलेली डीव्हीडी हुबळीत किंवा मडगावात पोहोचली तरी ती चालेलच असे नाही. ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे पाल ही एकच चित्रपद्धती आहे. त्यामुळे चित्राची अडचण नाही. अडचण आहे ती विभाग क्रमांकाची : ब्रिटनचा क्रमांक २, भारताचा ५, अमेरिकेचा १. ब्लू-रेमध्ये ब्रिटन ‘बी’ आणि भारत ‘सी’ विभागात येतो. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर हवा. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण सहसा पाचच वेळा; त्यानंतर तो कायमचा गोठतो. वेष्टनाच्या मागे पृथ्वीगोलाच्या लहान चित्रात हा क्रमांक छापलेला असतो, तो आधी पाहून घ्यावा. वेष्टनावर ‘संपूर्ण’ असे लिहिलेले असले तरी पहिल्या पर्वाचे कोणते भाग आत आहेत हेही तपासावे. २०१६ पूर्वी निघालेल्या संचात ‘टनेल ऑफ फिअर’ असणार नाही.