चार जुलैची शेगडी आणि बिनमांसाचा घास



जून सरत आला की अमेरिकेतल्या मैत्रिणींचे निरोप सुरू होतात. चार जुलैला शेजाऱ्यांनी अंगणात बोलावलंय, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा आहे, आपण काय न्यावं? निरोपाच्या तळाशी खरा प्रश्न वेगळाच असतो. मुलं तिथे वेफर्सचं पाकीट घेऊन कोपऱ्यात बसतात, त्यांना परकं वाटतं. मग जावं का? नाही गेलं तर शेजार तुटतो, आणि गेलं तर शेगडीवर काय भाजलं जातंय ते नजरेआड करता येत नाही.

पाककृती देणारच आहे. पण आधी थोडा इतिहास सांगते, कारण त्या शेगडीवर बिनमांसाचा पदार्थ म्हणजे आपण परदेशातून नेलेलं काहीतरी, किंवा हल्लीचं फॅड, असा आपल्याही लोकांचा समज आहे. तो खरा नाही.

अंगणात सगळ्यांसमोर भाजायचं आणि तिथेच कागदी ताटलीत खायचं, याला ते कुकआउट म्हणतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेला याचा हंगाम सुरू होतो, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेला संपतो, आणि मधोमध चार जुलै. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. घरोघरची शेगडी मात्र बरीच अलीकडची. हेन्री फोर्डच्या मोटारींना लाकूड लागायचं. 1920च्या सुमारास त्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या करून विकायला सुरुवात झाली. झाकणाची गोल शेगडी 1952 सालची. शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या कारागिराने समुद्रात खुणेसाठी सोडतात तो धातूचा पोकळ गोळा मधोमध कापून ती बनवली. बिनमांसाचं जेवण त्या देशात याच्या कितीतरी आधी पोचलं होतं.

1817 साली विल्यम मेटकाफ नावाचा इंग्रज पाद्री चाळीसएक माणसं घेऊन लिव्हरपूलहून जहाजाने फिलाडेल्फियाला उतरला. बायबल ख्रिश्चन नावाचा हा छोटा पंथ. मांस नाही, दारू नाही, हा त्यांचा नेम. नव्या देशात ना नातलग ना पैसा, शेजारीपाजारी हसणारे. त्यातले बरेचजण नेम सोडून पांगलेही. मेटकाफ राहिला आणि बोलत राहिला. 1850 साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली तेव्हा पुढे असणाऱ्यांत तो होता, आणि त्याच्यासोबत सिल्व्हेस्टर ग्रॅहम होता.

या ग्रॅहमला तुम्ही ओळखता, फक्त माणूस म्हणून नाही. ग्रॅहम क्रॅकर नावाचं बिस्किट त्याच्याच नावाचं. हाही पाद्री. गव्हाचा कोंडा काढू नका, पीठ घरी मळा, मांस सोडा, असं तो 1830च्या दशकात गावोगाव सांगत फिरायचा. 1837 साली बोस्टनमध्ये खाटीक आणि बेकरीवाले त्याच्या व्याख्यानावर चालून गेले, कारण त्याचं कोणी ऐकलं तर दोघांचाही धंदा बसणार होता. तो आपल्यासारखा मात्र नव्हता, हेही सांगायला हवं. त्याची मुख्य तक्रार अशी की मांसाने आणि मसाल्याने माणसाच्या वासना भडकतात. आपल्याकडे तामसी म्हणतात त्याच्या जवळचं हे. आपली लाल मिरची आणि मोहरी त्याने ताटाबाहेर काढली असती.

आता गंमत बघा. चार जुलैच्या रात्री निखाऱ्यावर मार्शमेलो भाजून, चॉकलेटबरोबर दोन ग्रॅहम क्रॅकरच्या मध्ये दाबून खातात. त्याला स्मोर्स म्हणतात. 1927 सालच्या गर्ल स्काउटच्या एका पुस्तकात ही कृती छापलेली आहे. मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचं. बाजारच्या बहुतेक क्रॅकरमध्ये मध असतो. शाकाहारासाठी लोकांचा राग ओढवून घेतलेल्या माणसाच्या नावाचं बिस्किट, आणि आपल्या मुलांच्या हाती त्यातलं उरतं ते नुसतं चॉकलेट!

दुसरी गोष्ट घेवड्याची. बोस्टनकडच्या प्युरिटन लोकांत रविवारी काम करायचं नाही असा कडक नियम होता. म्हणून शनिवारी मातीच्या भांड्यात घेवडा, मोलॅसिस म्हणजे उसाची काळी काकवी, आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालून ते भट्टीत मंद आचेवर ठेवायचे आणि तेच रविवारी खायचे. धर्माच्या नेमातून पदार्थ जन्मतो तो असा. (आपला नेम नेमका उलटा. शिळं चालत नाही, म्हणून आपल्या बायका पहाटे उठतात.) ती काकवी कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या मळ्यांतून यायची, तेव्हा त्या गोडव्याकडेही भाबडेपणाने बघता येत नाही. पुढे हा बेक्ड बीन्स डब्यात भरून विकायला लागले. 1920च्या दशकात हाइन्झ कंपनीने बिनमांसाचा डबा कोशर म्हणून विकण्यासाठी ज्यूंच्या ऑर्थोडॉक्स युनियनची मान्यता घेतली. वर्तुळात यू हे अक्षर, ती त्यांची खूण. कुकआउटच्या टेबलावरचा शाकाहारी बीन्सचा डबा असा ज्यूंच्या आग्रहाने रुळला, आपल्या नाही. आपल्या काही बायका अजून ती खूण दिसली की निर्धास्त होतात. तसं होऊ नका. कोशर म्हणजे शाकाहारी नव्हे, त्या खुणेच्या पदार्थात अंडं आणि मासेही असू शकतात. शिवाय बीन्सच्या डब्यात आणि बहुतेक केचपात कांद्याची पूड असते.

सगळ्यात मोठं काम केलं ते सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाने. त्यांच्या एलन व्हाइट या बाईंनी 1863 पासून आरोग्याचा आणि आहाराचा उपदेश सुरू केला. या पंथाने मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात आरोग्यधाम काढलं, आणि 1876 पासून ते डॉक्टर जॉन हार्वी केलॉगच्या हाती आलं. कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग ते हेच घराणं. डॉक्टरांच्या पत्नी एला या स्वयंपाकघराचं प्रयोगघर चालवायच्या. 1892 साली त्यांनी पाककृतींचं जाडजूड पुस्तक लिहिलं. शेंगदाणे आणि गव्हातला चिकट भाग, म्हणजे कणीक पाण्याखाली धुतल्यावर हाताला उरतो तो, यांच्यापासून तिथे नटोज, प्रोटोज असे मांसासारखे लागणारे पदार्थ बनायला लागले. पुढे 1939 साली ओहायोतल्या वर्दिंग्टन गावी याच पंथाच्या माणसांनी कारखाना काढला. आजच्या गोठवलेल्या व्हेजी पॅटीची आजी ती. यातली एक शाखा आपल्या पुण्यातही आहे. औंधजवळची स्पायसर संस्था याच पंथाची, आणि तिथला ब्राउन ब्रेड आणि पीनट बटर जुन्या पुणेकरांना आठवत असेल.

मेटकाफचा पंथ विसाव्या शतकात संपला. त्याच्याकडे प्रवचन होतं. अॅडव्हेंटिस्टांकडेही प्रवचन होतं, पण जोडीला स्वयंपाकघर होतं, बेकरी होती, डबा होता. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्याला कुणी विचारलं की आपण अर्धा तास कंदमुळांतले अनंत जीव समजावतो आणि पुढे करायला हातात ताट नसतं.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला ऑरेगॉन राज्यातल्या ग्रेशम गावी पॉल वेनर नावाच्या उपाहारगृहवाल्याने उरलेला भात, भाज्या आणि ओट्स यांची टिक्की केली. तीच गार्डनबर्गर नावाने देशभर गेली. 2016च्या सुमारास रक्तासारखा रंग देणाऱ्या, मांसाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या पॅटी आल्या. हे जीव वाचवणारं आहे, मान्य. पण ज्याची कधी चवच घेतली नाही त्याची नक्कल आपण का खावी, असं मला वाटतं. आणि गार्डनबर्गरमध्ये अळंबी आणि कांदा, म्हणजे तोही आपल्या कामाचा नाहीच.

आपले लोक या गोष्टीत उशिरा आले. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने जूनमध्ये शाकाहाऱ्यांची परिषद भरली होती. त्याच प्रदर्शनाच्या सर्वधर्मपरिषदेत सप्टेंबरात वीरचंद राघवजी गांधी बोलले. बोलावणं मुळात आचार्य आत्मारामजींना होतं. साधूला जहाजाने जाता येत नाही, म्हणून त्यांनी या 29 वर्षांच्या श्रावकाला पाठवलं. कुटुंबं मात्र गेली ती 1965च्या कायद्याने दार उघडल्यावर. 1981 पासून तिथल्या जैन संघांची जैना ही संस्था आहे. तिचं दर दोन वर्षांनी भरणारं अधिवेशन बहुधा चार जुलैच्या सुट्टीला जोडूनच असतं. त्या दिवसांत हजारो माणसं एका मांडवाखाली सूर्यास्ताच्या आत जैन जेवण जेवतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा हाही एक कुकआउट म्हणा.

आता शेजाऱ्यांकडचं बघू. आमच्या काही घरांत म्हणतात, मांस भाजतात तिथे पाऊल टाकायचंच नाही. त्या नेमाचा मला आदर आहे, त्यांना आग्रह करू नये. ज्यांना जायचं आहे त्यांनी सगळ्यांच्या आधी, उन्हातच पोचावं. यजमानीण बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की शेगडी पहिली आपल्याला मिळते. जाळीवर पूर्वीची चरबी असतेच, म्हणून घरचा लोखंडी तवा न्यावा आणि तोच निखाऱ्यावर ठेवावा. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे चार जुलैला सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो आणि आतषबाजी त्यानंतर असते. तोवर आपलं पाणीसुद्धा आटोपतं.

टिक्कीसाठी सहा कच्ची केळी सालासकट उकडा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग किसा. कुस्करलीत तर चिकट गोळा होतो. त्यात वाटीभर उकडलेले मटार, अर्धी वाटी जाड पोह्यांची पूड, हिरवी मिरची, अर्धा चमचा सुंठ, हिंग, आमचूर, मीठ. अंडं नाही म्हणजे बांधणी पोह्यांची. जाळीवर टाकलीत तर फुटेल, तव्यावर तूप सोडून खरपूस होते. बाराएक होतात. पावावर अंड्याचा हात फिरवलेला नाही ना, तेवढं वेष्टण वाचून बघा.

पनीर आणि भोपळी मिरचीच्या सळया सगळेच करतात, पण दह्यात बेसन कालवून लावतात ते करू नका, कच्च्या दह्याबरोबर डाळीचं पीठ म्हणजे द्विदल. नुसतं घट्ट दही, तिखट, हिंग, ओवा, मीठ पुरतं. कणसाची साल मागे ओढून केसर काढा, टोकाकडे अळी बघा, साल पुन्हा वर ओढून पंधरा मिनिटं निखाऱ्यावर फिरवत ठेवा. मग लिंबू आणि तिखट-मीठ. मका, मिरची, भोपळी मिरची, टोमॅटो, घेवडा हे सगळं त्याच खंडातून आपल्याकडे आलं, तेव्हा हे ताट तिथे परकं नाहीच.

आणि बीन्स घरीच करा. सातारकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर उत्तम, नाहीतर तिथला पांढरा बारीक राजमा. दोन वाट्या दाणे पहाटे गरम पाण्यात चार-पाच तास भिजवा, मग ते पाणी टाकून ताज्या पाण्यात कुकरला अगदी मऊ शिजवा. वाटीभर टोमॅटोचा रस, चार मोठे चमचे काकवी, चमचाभर मोहरीची पूड, चिंचेचा कोळ, हिंग, तिखट, मीठ घालून अर्धा तास मंद आचेवर दाट होऊ द्या. काकवी दाणे शिजल्यावरच घाला, आधी घातली तर ते तासन्‌तास कडक राहतात. कोल्हापूरची काकवी कुणी सामानातून नेली असेल तर तिची चव तिथल्या मोलॅसिसपेक्षा सौम्य लागते, म्हणून एक चमचा जास्त. पातेलं मोठं घ्या, शेजारी दुसऱ्यांदा मागतात.