ठराव आणि ओंजळ

५ जानेवारी १९२४. महाडच्या म्युनिसिपालिटीच्या सभेत तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे आहात. गेल्या वर्षी ४ ऑगस्टला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. आज महाडची पाळी. चवदार तळं सर्वांना खुलं, असं ठरतं. तुम्हाला वाटतं, झालं!

तसेच तळ्यावर जा. कालचीच माणसं पाणी भरताहेत. गुरंढोरं पाणी पिताहेत. ज्यांच्यासाठी ठराव झाला, ते मात्र लांबच. ठरावाची अंमलबजावणी कोण करणार, हे कुणी विचारतच नाही. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं जातात.

१९ मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा मांडव. हजारो माणसं, वरून कोकणातलं ऊन. तुम्हाला तहान लागते. इथलं पाणी चाळीस रुपये मोजून आणवलेलं आहे, हे कळल्यावर घोट घशाखाली उतरत नाही. तळं तर कागदोपत्री खुलं आहे ना?

दुसऱ्या दिवशी परिषदेतले कार्यकर्ते अनंतराव चित्रे उठून म्हणतात, आताच तळ्यावर जाऊ. म्युनिसिपालिटीचे सुरबानाना टिपणीसही परिषदेच्या बाजूने आहेत. तुम्ही रांगेत शिरता. बाबासाहेब आंबेडकर पाण्यापाशी उतरतात, ओंजळ भरतात, पितात. त्यांच्यामागून बाकीचे. तीन वर्षं दप्तरात पडून राहिलेला ठराव तुमच्या डोळ्यांदेखत अमलात येतो, तोही सभागृहाबाहेरच्या माणसांच्या हातून.

मग परिषदेतली माणसं वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठते. त्यांच्यावर लाठ्या पडतात. नंतर तळ्याची 'शुद्धी' होते. ते बघवत नाही, पण बघा.

४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं. म्युनिसिपालिटी स्वतःचाच ठराव रद्द करते. हात वर करणाऱ्यांचे चेहरे नीट पाहून ठेवा.

पुढे काही सवर्ण दावा लावून कोर्टात सांगतात, तळं खाजगी आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालय म्हणतं: तळं म्युनिसिपालिटीचंच, अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी असल्याचं सिद्ध होत नाही. तुम्ही बोटांवर हिशेब करता. त्या ओंजळीला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस उरलेले असतात.