बंदुकीची गोळी आणि औषधाची गोळी

लढायांचा इतिहास वाचताना आपले लक्ष नकाशावरच्या बाणांकडे असते. अमुक पलटण इथून निघाली, तमुक नदी तिने तिथे ओलांडली, वगैरे. पण निघण्याच्या दिवशी त्या पलटणीतले किती जवान तापाने फणफणत पडले होते, हे काही नकाशात दिसत नाही. सेनापतीला मात्र ते पाहावेच लागते. ज्याने ते नीट पाहिले अशा एका सेनापतीची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या ऑक्टोबरात, जनरल विल्यम स्लिम यांच्याकडे ब्रह्मदेशच्या आघाडीवरील चौदाव्या सैन्याची सूत्रे आली. स्लिम पूर्वी गुरखा पलटणीत अधिकारी होते. शिपायांशी ते त्यांच्या बोलीत बोलत. आदल्याच वर्षी, १९४२ साली, जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा जवळजवळ दीड हजार किलोमीटरांची माघार त्यांनी शिपायांबरोबर अनुभवली होती. जखमींना बैलगाडीतून नेताना काय होते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

सूत्रे हाती आल्यावर त्यांच्यापुढे जे आकडे आले ते मोठे विलक्षण होते. शत्रूच्या हातून जखमी होऊन एक माणूस मागे पाठवावा लागे, तेव्हा आजाराने एकशेवीस माणसे मागे जात! एकट्या हिवतापाचे प्रमाण एकूण सैन्यबळाच्या वर्षाला शेकडा ८४, आणि पुढच्या रांगेत त्याहूनही जास्त. शिवाय हगवण होती, जंगलातल्या किड्यांमुळे होणारा टायफस होता, कातडीचे रोग होते. तुम्हीच हिशेब करा. काही महिन्यांत सैन्य संपणार होते, आणि तेही जपान्यांनी एक गोळी न झाडता.

तुम्ही म्हणाल, हे काम डॉक्टरांचे; सेनापतीने त्यात काय करायचे? त्या काळी पुष्कळ अधिकाऱ्यांची समजूत अशीच होती. स्लिमसाहेबांचे वेगळेपण इथेच आहे. रोगाशी लढायची अर्ध्याहून अधिक लढाई डॉक्टर नव्हे, तर पलटणीचे अधिकारी लढतात, असे त्यांचे ठाम मत होते. विचार केला तर पटते. हिवताप डासापासून होतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ साली सिद्ध केलेच होते. तो डास चावतो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. मग संध्याकाळी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या की नाहीत, उघड्या अंगाने कोणी फिरत तर नाही ना, हे बघायला डॉक्टर काही प्रत्येक चौकीवर हजर नसतो. तिथे असतो नाईक, हवालदार, सुभेदार आणि त्यांच्यावरचा साहेब.

आता औषधाचे. आपल्याकडे ज्याला जुनी माणसे कोयनेल म्हणत, ते क्विनाईन बहुतेक जावा बेटातून येई, आणि जावा १९४२ साली जपान्यांच्या हाती गेलेले. त्याच्या जागी आली मेपाक्रीन नावाची बनावटी गोळी. रोज एक घ्यायची. चवीला कडू, आणि घेणाऱ्याची कातडी हळदीने माखल्यासारखी पिवळी पडे. त्यात एक कंडी उठली की ही गोळी घेतली तर पुरुषत्व जाते. झालं! तरण्याताठ्या शिपायांत अशी वार्ता पसरायला बिनतारी यंत्र लागत नाही. लोक गोळी चुकवू लागले.

स्लिम यांनी काय केले? शिपायांना दटावण्याच्या भानगडीत ते फारसे पडले नाहीत. अचानक एखाद्या पलटणीची तपासणी व्हायची. एकूण एक माणूस तपासला जायचा. शेकडा ९५ माणसांच्या अंगी औषध सापडले नाही, तर त्या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर बडतर्फ! पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे की असे तीनच अधिकारी त्यांना काढावे लागले; तेवढ्यावर बाकीचे काय समजायचे ते समजले. मला यात दोन गोष्टी फार मार्मिक वाटतात. एक म्हणजे शंभरचा आग्रह त्यांनी धरला नाही. पाच माणसे मनुष्यस्वभावाला सोडून दिली. दुसरी अशी की शिक्षा खाली न जाता वर गेली. शिपाई गोळी थुंकतो, कारण साहेबाला तिची फिकीर नाही हे त्याने ओळखलेले असते.

दुसरा बदल आजाऱ्यांच्या जागेचा. पूर्वी हिवतापाचा रोगी रेल्वे, बोट, मोटार असे करीत शेकडो मैल मागे हिंदुस्थानातल्या इस्पितळात जाई, आणि पलटणीत परतायला त्याला सरासरी पाच महिने लागत. स्लिम यांच्या सैन्याने तंबूंची आणि बांबूच्या झोपड्यांची छोटी उपचारकेंद्रे आघाडीच्या पाठीमागे थोड्याच मैलांवर उभारली. ताप चढल्यापासून चोवीस तासांच्या आत औषधोपचार सुरू. माणूस महिन्यांऐवजी आठवड्यांत परत येऊ लागला, तोही आपल्याच सोबत्यांत. जबर जखमींसाठी लहान विमाने जंगलातल्या पट्टीवर उतरत आणि त्यांना मोठ्या विमानतळापर्यंत आणून सोडत.

अन्नाच्या बाबतीत त्यांची रीत साधी होती. पुढच्या एखाद्या तुकडीला अर्धा शिधा मिळू लागला की स्लिम आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या शिध्यावर आणीत. त्याने धान्य किती वाचणार? फारसे नाहीच, हे ते स्वतःच कबूल करतात. पण मुख्यालयातल्या खाऊनपिऊन सुखी तरुण अधिकाऱ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले की पुढे शिधा पोचवण्याची निकड त्यांना आपोआप कळे!

सगळेच सुरळीत झाले असे मात्र समजू नका. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे ज्या मराठा रेजिमेंटमध्ये असत, तिची चौथी पलटण १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाक इथे छत्रीधारी ब्रिगेडबरोबर वेढली गेली. त्या टेकाडावर पाण्याची टंचाई; विमानांनी टाकलेले पुष्कळसे सामान शत्रूच्या हाती पडे. २६ मार्चच्या रात्री तिथून निघताना, ज्यांना हलवणे शक्यच नव्हते असे जखमी मागे ठेवावे लागले. व्यवस्थेचे हात तिथवर पोचले नव्हते.

आता पलीकडची बाजू पाहा. जपानी सेनापती मुतागुची यांनी इंफाळवर चाल केली ती सुमारे तीन आठवड्यांचा शिधा शिपायांच्या पाठीवर देऊन. इंफाळ तेवढ्यात पडेल, मग तिथलीच कोठारे वापरू, हा हिशेब. बरोबर हाकलेली गुरे डोंगरात आणि नद्यांत मेली. इंफाळ काही पडले नाही. कोहिमाला लढणाऱ्या डिव्हिजनचे सेनापती सातो अन्न आणि दारूगोळा मागून थकले, आणि अखेर हुकूम मोडून त्यांनी आपली माणसे मागे घेतली. त्यांना पदावरून काढले. आपली चौकशी लष्करी न्यायालयापुढे व्हावी, म्हणजे सारे बाहेर येईल, अशी सातोंची इच्छा होती. पण त्यांचे मन ठिकाणावर नाही असे ठरवून ती टाळली गेली. तिन्ही डिव्हिजनांचे सेनापती त्या मोहिमेत बदलले गेले. शिपाई उपाशीच राहिले. गेलेल्या सुमारे ८५ हजारांपैकी ५० हजारांहून अधिक माणसे कामी आली किंवा निकामी झाली. त्यांत भूक आणि रोगराई यांचा वाटा फार मोठा होता.

स्लिम यांनी त्या पावसाळ्यात पाठलाग थांबवला नाही. आजवर पावसाळा आला की लढाई थंडावायची, असा रिवाज होता. कबॉ खोऱ्याचे तर नाव घेतले तरी हिवताप आणि टायफस आठवे. अशा खोऱ्यातून भर पावसात सैन्य पुढे काढणे, हा निर्णय पिवळ्या गोळीची शिस्त अंगी मुरली होती म्हणूनच घेता आला, असे माझे मत आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये तामू गावात सैन्य शिरले, तेव्हा रस्त्यांत आणि घरांत साडेपाचशे जपानी शिपायांची प्रेते तशीच बेवारस पडलेली होती. पुरायलाही कोणी उरले नव्हते.

स्लिम यांच्या भिंतीवर आजाऱ्यांच्या संख्येचा एक आलेख टांगलेला असे. त्यातली रेषा महिन्यामहिन्याने खाली सरकत गेली. १९४५ साली चौदाव्या सैन्यात दर हजारी रोज एकच माणूस आजारी पडत होता.